अश्वशक्ती कोणत्या दिवसाची?

इंजिनाच्या माहितीपत्रकात अश्वशक्तीचा आकडा ठळक छापलेला असतो. ही शक्ती कोणत्या दिवशी, कोणत्या हवेत मोजली, हे मात्र बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. गॅस टर्बाइनच्या बाबतीत हे बारीक अक्षरच महत्त्वाचे. ते समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

जेम्स वॅटने घोड्याच्या कामावरून एकक ठरवले, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. म्हणजे सुमारे ७४६ वॅट. खाणीतले पाणी उपसणाऱ्या इंजिनाची शक्ती मोजणे सोपे होते. किती पाणी किती उंच चढले हे पाहिले की झाले. पण नुसताच दांडा फिरत असेल तर? १८२१ साली फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी याने दांड्याला लाकडी ठोकळ्यांची पकड लावली. दांडा पकडीला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. पकडीला जोडलेल्या लांब दांडीच्या टोकाशी वजन टांगून तिला जागीच धरून ठेवायचे. वजन गुणिले दांडीची लांबी म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवणारा जोर. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. डायनॅमोमीटरचे सगळे गणित एवढेच आहे आणि आजही ते बदललेले नाही.

अडचण होती ती उष्णतेची. इंजिनाची सारी शक्ती घर्षणात जिरणार, आणि मोठ्या इंजिनापुढे लाकूड जळून जाणार. यावर उपाय शोधला विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. १८७७ साली त्याने मोठ्या जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याचा डायनॅमोमीटर मांडला. जहाजाचा पंखा काढून त्या जागी खोलगट कप्पे असलेली चकती बसवायची. तिच्यासमोर तसेच कप्पे असलेले आवरण असते. मधले पाणी कप्प्यांतून भोवऱ्यासारखे फिरते आणि चकतीचा जोर आवरणाला देते. आवरण फिरू न देण्यासाठी लागणारे बल मोजायचे. शक्ती पाणी तापवण्यात खर्च होते आणि तापलेले पाणी वाहून जाते. २५१ किलोवॅटचे इंजिन असेल, तर सेकंदाला ३ लिटर पाणी २० अंशांनी तापेल. विशिष्ट उष्मा शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.

हाच फ्रूड जहाजांच्या छोट्या प्रतिकृती हौदात ओढून मोठ्या जहाजाचा रोध काढत असे. लहान आणि मोठ्या जहाजाची तुलना कोणत्या वेगांना करायची, याचा नियम त्याने दिला. हा समरूपतेचा विचार लक्षात ठेवू या. आपल्याला तो लवकरच लागणार आहे.

गॅस टर्बाइनची कल्पना जुनी, पण यंत्र हट्टी. त्यात कॉम्प्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळते, तप्त वायू टर्बाइन फिरवतात, आणि टर्बाइनच पुन्हा कॉम्प्रेसर फिरवते. सुरुवातीच्या यंत्रांत कॉम्प्रेसरच सगळे खाऊन टाकी. नॉर्वेच्या एगिडियस एलिंगने १९०३ साली स्वतःचा खर्च भागवून ११ अश्वशक्ती शिल्लक टाकणारे यंत्र चालवले, तेव्हा तेही मोठेच यश होते.

१९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल शहरासाठी ब्राउन-बोव्हेरी कंपनीने वीजनिर्मितीची गॅस टर्बाइन बांधली. तिची चाचणी ऐंशी वर्षांच्या ऑरेल स्टोडोला यांनी घेतली. इथे पाण्याचा ब्रेक नव्हता, जनित्र हाच भार होता. टर्बाइनची शक्ती सुमारे १५,४०० किलोवॅट. त्यातले ११,४०० कॉम्प्रेसरने घेतले आणि हाती उरले ४,०००. कार्यक्षमता साधारण १७.४ टक्के.

आता या आकड्यांशी थोडे खेळू. समजा, हवा २० अंशांवरून ३५ अंशांवर गेली. निरपेक्ष तापमानात ही वाढ २९३ वरून ३०८ केल्विन, म्हणजे सुमारे ५ टक्के. तेवढीच हवा तेवढ्याच पटीने दाबायला ५ टक्के जास्त काम पडते, कारण गरम वायू दाबणे महाग. कॉम्प्रेसर ५७० किलोवॅट अधिक मागेल. टर्बाइनने पूर्वीइतकीच शक्ती दिली तरी शिल्लक ३,४३० वर येईल, म्हणजे १४ टक्क्यांनी कमी! शिवाय गरम हवा विरळ असल्याने यंत्रात हवाच कमी शिरेल, तो तोटा वेगळा. उरणच्या गॅस टर्बाइन वीजकेंद्रासारख्या ठिकाणी मे महिन्यातली दुपार काय करत असेल याचा अंदाज यावरून येतो.

म्हणून चाचणीतली शक्ती प्रमाण दिवसावर आणतात. हा दिवस १५ अंश सेल्सियस आणि १०१.३२५ किलोपास्कलचा. चाचणीच्या दाबाला प्रमाण दाबाने भागून आलेल्या गुणोत्तराला 'द' म्हणू, तसेच निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराला 'त'. इथे फ्रूडची समरूपता कामाला येते. पात्यांचा वेग आणि ध्वनीचा वेग यांचे प्रमाण तेच राहिले, तर यंत्रातला प्रवाह 'तसाच' राहतो. ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून फेऱ्यांना 'त'च्या वर्गमुळाने भागायचे. टॉर्कला नुसत्या 'द'ने. शक्ती म्हणजे दोन्हींचा गुणाकार, म्हणून तिला 'द' गुणिले 'त'चे वर्गमूळ याने.

समजा, दाब ९५ किलोपास्कल, तापमान ३५ अंश, टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आणि मिनिटाला ६,००० फेरे. मोजलेली शक्ती २५१ किलोवॅट, म्हणजे ३३७ अश्वशक्ती. 'द' ०.९३८, 'त' १.०६९. दुरुस्त फेरे ५,८०२, दुरुस्त टॉर्क ४२७, आणि दुरुस्त शक्ती सुमारे ३४८ अश्वशक्ती.

वाढ जेमतेम ३ टक्के! मग वरचा १४ टक्क्यांचा हिशोब चुकला का? विद्यार्थी हा प्रश्न विचारतील, आणि विचारायलाच हवा. चूक नाही, दोन प्रश्न वेगळे आहेत. समरूपतेत टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमानही 'त'ने भागावे लागते. चाचणीत ते १,००० केल्विन असेल, तर ३४८ अश्वशक्ती हा आकडा ९३५ केल्विनचा. प्रमाण दिवशी यंत्र ९३५ वरच थांबेल असे नाही. पाती १,००० सोसत असतील, तर आणखी इंधन देऊन, फेरे वाढवून बरीच जास्त शक्ती काढता येईल. ती किती हे सूत्र सांगत नाही. त्यासाठी निरनिराळ्या वेगांना चाचण्या घेऊन दुरुस्त आकड्यांचा आलेख काढावा लागतो आणि त्यावर १,००० केल्विनचा बिंदू शोधावा लागतो. एकाच चाचणीच्या आकड्याला सूत्र लावून 'या इंजिनाची कमाल शक्ती' म्हणून सांगणारे आम्हाला भेटले आहेत. त्यांचा गुणाकार बरोबर होता, फक्त तापमानाचा रकाना त्यांनी कोरा सोडला होता.