नॅनोमीटर ठीक, पण कोड किती बाइटचा?

चिपचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच नॅनोमीटरवर जाते. मी छोट्या चिपांसाठी प्रोग्राम लिहितो. तिथे रोजचा प्रश्न वेगळा: प्रोग्राम मेमरीत मावतो का? तोच सी भाषेतला प्रोग्राम प्रोसेसर बदलला की कमी-जास्त जागा घेतो. 'फंक्शनमधून परत जा' ही साधी आज्ञा बघा. इंटेलच्या एक्स८६ मध्ये १ बाइट, मूळ आर्मवर ४.

याच फरकापायी आर्म एक मोठं गिऱ्हाईक गमावणार होती. १९९० साली एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआयने मिळून ही कंपनी काढली. चिप साधी, वीज कमी खाणारी. पण आज्ञा कितीही किरकोळ असो, ३२ बिटांचीच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने नोकियाला आर्म सुचवली, तर नोकियाने नाक मुरडलं. बरोबरच होतं तिचं. कोड फुगला की मेमरी जास्त, आणि तो खर्च एकेका हँडसेटवर पडणार. तिकडे जपानच्या हिताचीने सुपरएचमध्ये १६ बिटांच्या आज्ञा आणल्याच होत्या.

मग आर्मने नेहमी लागणाऱ्या आज्ञांचा १६ बिटांचा आटोपशीर संच काढला. नाव ठेवलं थंब (हाताला अंगठा फुटला म्हणायचा!). त्यासाठी हिताचीच्या पेटंटचे परवानेही घेतले. १९९४ च्या आर्म७टीडीएमआयमधला 'टी' तो हाच. आर्मच्याच हिशेबाने कोड मूळच्या साधारण ६५ टक्क्यांवर आला. फुकट काहीच मिळत नाही, तेच काम करायला आज्ञा जास्त लागतात. पण मेमरीची वाट १६ बिटांची असेल तर थंबच वेगात धावतं. मग नोकिया ६११० मध्ये आर्म बसली. सापाचा गेम पहिल्यांदा आला तोच हा फोन.

आता आपल्या घरचं. आयआयटी मद्रासचं 'शक्ती' आणि सी-डॅकचं 'वेगा', दोन्ही रिस्क-५ वर उभे आहेत. ही बर्कलेत २०१० मध्ये सुरू झालेली खुली रचना; परवाना शुल्क नाही. तिच्यातही १६ बिटांच्या आज्ञांची जोड आहे, तिचं अक्षर 'सी'. ती घेतली की कोड २५ ते ३० टक्के घटतो, पण ती घेणं ऐच्छिक. सी-डॅकच्या तेजस३२ चिपमध्ये आतली मेमरी २५६ केबी, आणि गाभ्याचं वर्णन आरव्ही३२आयएम. म्हणजे 'सी' नाही. शिकायला, प्रयोगाला चालून जाईल. पण स्वस्त वीजमीटरमध्ये देशी चिप बसवायची असेल, तर पुढच्या घोषणेत मी आधी ते एक अक्षर शोधणार आहे.