निळ्या सूर्याचें कोडें



सन १९५० च्या सप्टेंबर महिन्याची २६ वी तारीख. त्या दिवशीं स्कॉटलंडमधील लोकांनीं वर पाहिलें तों सूर्य निळा! रात्रीं चंद्रहि निळाच. दोनच दिवस आधीं, रविवारीं, कॅनडा व अमेरिका यांच्या पूर्व भागांत भरदिवसा अंधार दाटून दिवे लावावे लागले होते. हिरोशिमाला अवघीं पांच वर्षें लोटलेलीं. कित्येकांस वाटलें, अणुयुद्धच सुरू झालें. वास्तविक कॅनडाच्या पश्चिमेकडील चिंचागा नदीच्या परिसरांत जूनपासून वणवा पेटलेला होता आणि त्यानें १४ लक्ष हेक्टरांवर अरण्य गिळलें होतें. त्याचाच हा धूर. धुरांतील कण जवळजवळ एकाच आकाराचे असल्यामुळें तांबडा प्रकाश वाटेंत अधिक विखुरला व निळा डोळ्यांपर्यंत पोचला. कारण साधें, परंतु तें कळेपर्यंत भीतीचें राज्य.

दूरच्या धुळीचा माग काढण्याची खटपट तशी जुनी आहे. १८३२ च्या जानेवारींत ‘बीगल’ जहाज केप व्हर्द बेटांशीं आलें, तेव्हां चार्लस डार्विननें वाऱ्यावर येणारी तपकिरी धूळ गोळा केली. बर्लिनच्या एरेनबेर्ग या पंडितानें सूक्ष्मदर्शकाखालीं तींतील सूक्ष्म जीवांचीं कवचें ओळखलीं. जहाजांच्या नोंदी व वाऱ्यांच्या दिशा जुळवून, ही धूळ आफ्रिकेंतून येते, असें डार्विननें १८४६ मध्यें मांडलें.

पुढें १९३४ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या मैदानांतील नांगरलेली, अवर्षणानें भाजलेली माती उठली आणि वॉशिंग्टन-न्यूयॉर्क ओलांडून अटलांटिकमधील जहाजांवर पडली. ह्यू बेनेट हे गृहस्थ जमिनीच्या धुपीविषयीं वर्षानुवर्षें कंठशोष करीत होते. राजधानीच्या नाकांत ती माती गेली आणि १९३५ च्या एप्रिलांत कायदा झाला!

१ एप्रिल १९६० रोजीं टायरॉस-१ हा उपग्रह आकाशांत गेला. तो ७८ दिवस चालला व त्यानें सुमारें २३ हजार चित्रें धाडलीं. ढग उत्तम दिसले. पण धुळीचें काय? निळ्या समुद्रावर ती उठून दिसते. वाळवंटावर वाळवंटाचीच धूळ कशी ओळखावी? हें कोडें सुटलें तें आडवाटेनें. १९७८ मध्यें निंबस-७ उपग्रहावर ओझोन मोजण्याचें एक उपकरण बसविलें होतें. अतिनील किरणांपैकीं आंखूड लहरी स्वच्छ हवा अधिक विखुरते; धूर किंवा धूळ आड आली कीं तीं त्यांतील कांहीं शोषून घेतात व हें प्रमाण बिघडतें. ओझोनच्या हिशेबांतील हा बिघाड म्हणजेच धुळीची खूण होय, हें १९९० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. जुन्या चोपड्या पुन्हां उघडाव्या तशीं मागील वर्षांचीं मापें काढून धुळीचे नकाशे तयार झाले.

१९९९ मध्यें टेरा उपग्रह गेला. वणव्याची उष्णता आणि त्याचा धूर तो एकाच फेरींत टिपूं लागला. २००६ मध्यें गेलेल्या कॅलिप्सोनें लेसर किरण सोडून धुराची उंची मोजली. म्हणूनच २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियांतील वणव्यांचा धूर पृथ्वीप्रदक्षिणा करतांना पावलोपावलीं पाहतां आला. त्याचा एक भोवरा तर सुमारें ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला.

आतां घरची गोष्ट. २३ जानेवारी २०२२ रोजीं मुंबईंत उभ्या मोटारींवर पांढुरकी धूळ सांचली, समोरच्या इमारती दिसेनात. आमच्या शेजाऱ्यांनीं पलीकडच्या बांधकामाला यथेच्छ बोल लावले. मींहि त्यांत सूर मिळविला. उपग्रहाच्या चित्रांत मात्र ती धूळ कराचीकडून अरबी समुद्रावरून व गुजराथेवरून येतांना दिसत होती. त्या दिवशींचा दोष आम्हीं भलत्याच्याच माथीं मारला होता.

तथापि या डोळ्यालाहि मर्यादा आहेत. दाट ढगांखालचें त्याला दिसत नाहीं. आणि बहुतेक उपग्रह वरपासून खालपर्यंतच्या धुळीची बेरीज सांगतात, आपल्या नाकाशीं किती आहे तें सांगत नाहींत. त्यासाठीं जमिनीवर मापक यंत्रें हवींतच.

शिवाय चित्र दिसल्यानें हवा निवळत नाहीं. १९३४ सालीं माती दारांत येऊन पडली तेव्हां राज्यकर्ते जागे झाले. आज ती दारीं येण्यापूर्वींच दिसते. भीति गेली, अज्ञानाची सबबहि गेली. उरलें आहे तें केवळ कर्तव्य.