मानवी स्वभाव आणि शासनसंस्था : ज्ञानोदयकाळातील विचारवंत व वऱ्हाडचा अनुभव

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा युरोपातील कालखंड ज्ञानोदयकाळ म्हणून ओळखला जातो. राजाला सत्ता थेट परमेश्वराकडून मिळते, ही समजूत या काळात मागे पडू लागली. माणूस मुळात कसा आहे आणि त्याच्यावर राज्य करण्याचा अधिकार कोणाला व कशामुळे प्राप्त होतो, हे दोन प्रश्न विचारवंतांनी एकत्र मांडले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले की दुसऱ्याचेही बदलते, असे त्यांच्या ग्रंथांतून दिसून येते.

चार उत्तरे

या चर्चेची पायाभरणी इंग्लंडच्या थॉमस हॉब्ज याने केली. यादवी युद्ध पाहिलेल्या हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्य भयाने व स्वार्थाने चालतो. म्हणून शांततेसाठी सर्वांनी आपले अधिकार एका प्रबळ सत्तेकडे सोपवावेत, असे त्याचे मत होते.

जॉन लॉक याने माणसाच्या विवेकावर अधिक विश्वास ठेवला. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता हे हक्क शासनाच्या आधीचे आहेत. शासन लोकांच्या संमतीवर उभे असते आणि त्याने विश्वासघात केल्यास ते बदलण्याचा अधिकार लोकांना आहे, असे त्याने सांगितले.

फ्रान्सच्या माँतेस्क्यूने १७४८ च्या ग्रंथात सावधगिरीचा मार्ग दाखविला. सत्ता हाती आली की माणूस तिचा गैरवापर करू लागतो. म्हणून कायदे करणे, ते राबविणे आणि न्याय देणे ही कामे एकाच हाती नसावीत.

जिनिव्हात जन्मलेल्या रूसोच्या मते माणूस स्वभावतः चांगला असून विषमतेवर उभा असलेला समाज त्याला बिघडवितो. ‘सामाजिक करार’ या १७६२ च्या ग्रंथात त्याने सार्वभौम सत्ता लोकांच्याच ठायी मानली.

संमतीविना हस्तांतर

या विचारांची कसोटी आपल्याच भूमीत लागली. मोताळा ज्या वऱ्हाडात आहे, तो प्रदेश निजामाच्या राज्याचा भाग होता. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १९०२ साली वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. यांपैकी कोणत्याही वेळी येथील शेतकऱ्यांची संमती घेतली गेली नाही. लॉकच्याच देशाने संमतीचे तत्त्व वऱ्हाडला लागू केले नाही.

त्या काळी कंपनीच्या लंडन कचेरीत जॉन स्टुअर्ट मिल अधिकारी होता. त्याने १८५९ साली स्वातंत्र्यावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पण ‘मागासलेल्या’ समाजांसाठी एकतंत्री शासन त्याच ग्रंथात योग्य ठरविले. मानवी स्वभाव सर्वत्र एकच आहे, असे म्हणणारी परंपरा येथे अडखळली.

महाराष्ट्राचे उत्तर

हा अपवाद महात्मा जोतीराव फुले यांनी मानला नाही. तरुणपणी त्यांनी थॉमस पेन याचा ‘मानवाचे हक्क’ हा ग्रंथ वाचला. पेनने राजे व सरदार यांच्या वंशपरंपरागत अधिकारावर प्रहार केला होता. फुले यांनी तोच प्रश्न जातिव्यवस्थेला विचारला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. स्त्री व पुरुष यांचे हक्क समान आहेत, असे त्यांनी आग्रहाने मांडले. युरोपातील अनेक विचारवंत या टोकापर्यंत गेले नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लोकशाहीला धोकादायक आहे. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असेही त्यांनी १९५४ साली स्पष्ट केले.

ख्रिस्तसभेची भूमिका

माँतेस्क्यू व रूसो यांचे हे ग्रंथ एकेकाळी ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत होते, हे प्रांजळपणे सांगावयास हवे. पुढे पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पृथ्वीवर शांती’ या परिपत्रकात मानवी हक्कांचा पुरस्कार केला व शासनाच्या तीन शाखांच्या विभागणीस अनुकूलता दर्शविली. मनुष्य परमेश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे, म्हणून तो प्रतिष्ठेस पात्र आहे. तो पापाकडे झुकतो, म्हणून अमर्याद सत्ता कोणाच्याही हाती सुरक्षित नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत या दोन्ही गोष्टींना स्थान आहे.

आजचा संदर्भ

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वऱ्हाडातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मताचा अधिकार होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची भूमी कर्जापोटी दुसऱ्याकडे गेली, त्यांची संमती आता मोजली जाऊ लागली. आज मोताळ्यात नगरपंचायत आहे, तर तालुक्यातील गावांत ग्रामसभा भरते आणि गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. लोकांनी स्वतः एकत्र बसून निर्णय घ्यावा, या रूसोच्या कल्पनेच्या ती बरीच जवळ आहे. दुसरीकडे, तहसीलदार प्रशासन सांभाळतात आणि महसुली दावेही ऐकतात; म्हणजे माँतेस्क्यूला अभिप्रेत असलेली विभागणी पूर्ण झालेली नाही.

ग्रामसभेची सूचना लागते तेव्हा आपल्यापैकी किती जण जातात? १८५३ साली आपल्या पूर्वजांना कोणी विचारले नाही. आज विचारले जात असता आपण गैरहजर राहिलो, तर तो दोष कोणत्याही निजामाचा किंवा कंपनीचा नसेल.