कलकत्त्याची अंधारकोठडी

बंगालच्या नबाबाची परवानगी न घेता फोर्ट विल्यमची तटबंदी वाढविणाऱ्या आणि बादशाही दस्तकांच्या (जकातमाफीच्या परवान्यांच्या) आडून जकात बुडविणाऱ्या इंग्रज वखारवाल्यांवर नबाब सिराजउद्दौल्याने चाल केली आणि २० जून १७५६ रोजी किल्ला त्याच्या हाती पडला. त्या रात्री, जिच्यात इंग्रज स्वतःचेच बेशिस्त शिपाई डांबीत असत, अशा सुमारे १८ फूट लांब, १५ फूट रुंद आणि दोनच गजबंद खिडक्यांच्या कोठडीत कैदी कोंडले गेले. उष्म्याने, तृषेने आणि परस्परांच्या भाराखाली श्वास कोंडून त्यांतील बहुतेक सकाळपूर्वी गतप्राण झाले.

वाचलेल्यांपैकी हॉलवेलने कोंडलेल्यांची संख्या १४६ व जगलेल्यांची २३ सांगितली. हा आकडा मानल्यास प्रत्येकाच्या वाट्यास दोन चौरस फूटही जागा येत नाही. म्हणूनच १९१५ साली इतिहास-अभ्यासक लिट्ल याने आणि पुढच्याच वर्षी अक्षयकुमार मैत्रेयांनी या वृत्तांतावर कठोर आक्षेप घेतले, तर नंतरच्या संशोधकांनी कैद्यांची संख्या ६४ च्या आसपास धरली. माझ्या मते मृत्यू खरे, संख्या फुगविलेली. नबाबाने असा काही हुकूम दिला नव्हता, हे तर हॉलवेलच्याच लिखाणावरून दिसते. तो दोष देतो पहाऱ्यावरील जमादारांना. तरीही या कथेने साम्राज्याच्या समर्थनार्थ दीर्घकाळ चाकरी केली, हा मृतांवरही अन्यायच होय.

या मृतांच्या स्मरणार्थ व्हाइसरॉय कर्झनने १९०२ साली उभारविलेला संगमरवरी स्मारकस्तंभ, सुभाषचंद्र बोसांनी पुकारलेल्या आंदोलनामुळे, १९४० साली सेंट जॉन चर्चच्या आवारात हलविण्यात आला.