लोखंडाचा भार कसा उतरला

लॅपटॉप म्हणजे मांडीवर घेऊन काम करण्याजोगा संगणक. गेल्या चाळीस वर्षांत तो पाटीइतका पातळ झाला. परंतु त्याच्या वायरीला लोंबणारी काळी पेटी, जिला आपण अ‍ॅडॅप्टर किंवा चार्जर म्हणतों, ती मात्र पुष्कळ काळ विटेसारखी जडच राहिली. प्रवासाची पिशवी भरतांना ही वीट कोणास नकोशी वाटली नाहीं? हिच्याऐवजी लहान व हलकी पेटी मिळेल काय, असा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. मिळेल, हें त्याचें उत्तर आहे. पण ती कशी मिळूं लागली याचा इतिहास ध्यानांत घेतल्यावांचून योग्य निवड करतां येणार नाहीं.

आपल्या घरीं वीज येते ती २३० व्होल्ट दाबाची, व एका सेकंदांत पन्नास आवर्तनें करणारी. लॅपटॉपला बहुधा वीस व्होल्टांच्या आसपासची आणि एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. दाब उतरविण्याचें काम रोहित्राचें. त्याचें मूळ तत्त्व मायकेल फॅरडे यानें इ. स. १८३१ मध्यें शोधिलें, आणि बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यांत झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघांनीं १८८५ सालीं त्यास व्यवहारोपयोगी रूप दिलें. लोखंडाचा गाभा व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचे वेढे, एवढीच त्याची रचना.

हा गाभा जड कां, हें एका उदाहरणानें सांगतों. विहिरीतून ठराविक वेळांत ठराविक पाणी काढावयाचें आहे, आणि खेपा मात्र पन्नासच करतां येतात. तर बादली मोठीच हवी. खेपा हजारपट वाढविल्या तर तेंच काम एका लहानशा पेल्यानें होईल. रोहित्राचेंहि तसेंच आहे. आवर्तनें जितकीं अधिक, तितका गाभा लहान पुरतो. विमानांतील वीज सेकंदास चारशें आवर्तनांची ठेवितात, ती याच कारणास्तव. कारण तेथें प्रत्येक शेराचा हिशेब ठेवावा लागतो.

मग घरगुती यंत्रांत ही युक्ति लागलीच कां योजिली गेली नाहीं? दोन अडचणी होत्या. पहिली लोखंडाचीच. आवर्तनें फार वाढलीं म्हणजे लोखंडाच्या अंगांत विजेचे भोंवरे उठतात व तें तापून निघतें. यावर उपाय जपानांत सांपडला. इ. स. १९३० मध्यें तोकियो येथील काटो व ताकेइ या संशोधकांनीं फेराइट नांवाचा पदार्थ तयार केला. लोहाचें ऑक्साइड व इतर धातूंचीं ऑक्साइडें एकत्र भाजून तो बनतो. त्यांत चुंबकत्व संचरतें, पण वीज सहसा वाहत नाहीं. दुसरी अडचण अशी कीं, विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडणारा व जोडणारा चपळ हात कोठून आणावयाचा? तो ट्रान्झिस्टरच्या रूपानें लाभला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर जन्मला. तथापि मोठा दाब सोसून वेगानें चालणारे ट्रान्झिस्टर स्वस्त होण्यास आणखी दोन तपें लागलीं.

येथें इतिहासांतील एका वादाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. इ. स. १९७७ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें जो अ‍ॅपल टू नांवाचा संगणक विक्रीस आणिला, त्याचा हलका वीजपुरवठा रॉड होल्ट यानें रचिला होता. पुढें सर्वच संगणकांनीं होल्टची नक्कल केली, असा दावा स्टीव्ह जॉब्ज यांनीं केला. होल्टचें काम उत्तम होतें यांत संशय नाहीं. परंतु टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या मापनयंत्रांत अशाच जातीचा पुरवठा १९७० च्या सुमारासच आला होता. तेव्हां अ‍ॅपलनें ही रचना लोकांच्या मेजावर आणिली असें म्हणावें. ती प्रथम काढिली असें म्हणूं नये.

या रचनेनें वीट अर्धी उतरली. उरलेलें ओझें सिलिकॉनच्या मर्यादेचें होतें. त्याच्या ट्रान्झिस्टरास फार जलद उघडझांप करावयास लाविलें कीं उष्णता वाढते, आणि लहान पेटींतून ती बाहेर जाण्यास वाव नसतो. गॅलियम नायट्राइड या द्रव्याचे ट्रान्झिस्टर तेंच काम अधिक वेगानें व कमी तापून करितात. निळा प्रकाश देणारे दिवे याच द्रव्यापासून बनले, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. इ. स. २०१८ च्या सुमारास हें द्रव्य लहान चार्जरांतून बाजारांत आलें. २०२१ मध्यें अ‍ॅपलनें १४० वॅटांच्या चार्जरांत तें वापरिलें.

परंतु पेटी हलकी झाली तरी पिन जुळावयास हवी. पूर्वीं प्रत्येक कंपनीची पिन निराळी. यूएसबी-सी हें जोडणीचें तोंड २०१४ मध्यें ठरलें. त्यांतून आरंभीं १०० वॅटांपर्यंत, व २०२१ च्या नियमांनुसार २४० वॅटांपर्यंत वीज नेतां येते. युरोपीय संघानें २०२२ मध्यें कायदा करून नव्या मोबाइलांस २८ डिसेंबर २०२४ पासून, आणि नव्या लॅपटॉपांस २८ एप्रिल २०२६ पासून हेंच तोंड आवश्यक ठरविलें. त्यामुळें एका कंपनीच्या यंत्रास दुसरीचा हलका चार्जर लावण्याची वाट मोकळी झाली.

तरी सावधपण हवें. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतां ३० वॅटांचा चार्जर लाविला, तर यंत्र सावकाश भरेल किंवा भरणारच नाहीं. जुन्या गोल पिनेच्या यंत्रास व्होल्ट व पिनेची दिशा तंतोतंत जुळावी लागते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या इवल्या पेटींत २३० व्होल्टांची बाजू आणि आपल्या हाताला लागणारी बाजू यांच्यामध्यें कांहीं मिलिमीटरांचें अंतर व थोडें विद्युत्‌रोधक वेष्टण एवढेंच असतें. नकली माल स्वस्त होतो तो बहुधा नेमक्या ह्याच ठिकाणीं काटकसर करून. म्हणून वजन पाहण्यापूर्वीं भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण पाहावी. गाभ्याचें लोखंड कमी करण्यास शास्त्रज्ञांस शंभर वर्षें लागलीं. त्या दोन बाजूंमधील अंतर कमी करण्याची मुभा मात्र त्यांनीं कोणासहि दिलेली नाहीं.