थिबा राजाचे सामान कुठे गेले?

समुद्रकाठच्या गावी गेलेला माणूस संग्रहालयात शिरतो तो बहुधा नाइलाजाने. ऊन चढले, पुळण तापली, पोरांनी समुद्राचा हट्ट सोडला, की मग ‘इथे काही म्युझियम-बिझियम आहे का हो?’ अशी चौकशी सुरू होते. रत्नागिरीत या प्रश्नाला रिक्षावाल्याकडे उत्तर तयार असते. मत्स्यालय आहे, तिथे व्हेल माशाचा भला मोठा सांगाडा आहे. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. आणि थिबा राजाचा राजवाडा आहे. एका दिवसात सगळे उरकते, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जायलाही वेळ उरतो.

मला आज बोलायचे आहे ते यातल्या राजवाड्याविषयी. तो पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की तेच आजच्या भाषणाचे निमित्त झाले. ‘वाडा छान आहे हो, पण राजाचे असे आत फारसे काही नाही!’ तक्रार खरी आहे. राजाचे सामान इथे फारसे नाही. पण ते का नाही, हा प्रश्न विचारला की या रिकाम्या दालनांमधून एक मोठा इतिहास बोलू लागतो.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. ब्रह्मदेशावर स्वारी करून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत मंडाले जिंकले. २९ नोव्हेंबरला राजा थिबा आणि राणी सुपायालत यांना राजवाड्याबाहेर काढून बोटीवर चढवण्यात आले. राजाचे वय तेव्हा २६. १ जानेवारी १८८६ला त्याचे राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. आधी मद्रास आणि मग एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरी, असा त्याचा प्रवास झाला. रत्नागिरीच का? नकाशा पाहिला की उत्तर मिळते. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, आगगाडी नाही. कैद्याला पळून जायला वाट नाही आणि त्याच्या माणसांना त्याच्यापर्यंत पोचायलाही सोपी वाट नाही. सत्तावन्नच्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला ज्या हिशेबाने रंगूनला धाडले, त्याच हिशेबाने ब्रह्मदेशाच्या राजाला कोकणात आणले.

आज आपण पाहतो तो राजवाडा मात्र त्याला लगेच मिळाला नाही. सुरुवातीची २४ वर्षे हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिले. राजवाडा बांधून झाला तो १९१०मध्ये. तीन मजली वास्तू, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या, त्यांत रंगीत काचा, पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे दालन. वरून खाडी दिसते, खाडीपलीकडे समुद्र दिसतो. येणारी-जाणारी गलबतेही राजाला इथून दिसत असणार. पण परवानगीशिवाय गावाची वेस ओलांडण्याची त्याला मुभा नव्हती. नाव राजवाडा, व्यवहार कैदेचा. आणि तोही त्याला लाभला फक्त सहा वर्षे. डिसेंबर १९१६मध्ये थिबा याच गावात वारला.

आता सामानाकडे वळू. मंडालेहून निघताना राजघराण्याने जे दागिने, जी माणके बरोबर घेतली, त्यांतली पुष्कळशी रत्नागिरीच्या तीस वर्षांत विकली गेली. पेन्शन पुरत नव्हती, नोकरचाकर होते, चार राजकन्या होत्या, राजेपणाचा रिवाज सुटत नव्हता. ब्रह्मदेशाच्या राजांचे ‘ङामौक’ नावाचे प्रसिद्ध माणिक होते. ते मंडालेच्या गडबडीत कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेले, असे राजघराण्याचे म्हणणे होते. स्लेडन १८९०मध्ये वारला. माणिकाचा पत्ता लागला नाही.

मंडालेत जे मागे राहिले त्याची वाटणी विजेत्यांनी केली. राजचिन्हांतल्या सोन्यारत्नांच्या वस्तू लंडनला गेल्या आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, काचेच्या कपाटांत जाऊन बसल्या. राजाचे सिंहासन १९०२मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात कलकत्त्याला आणले गेले आणि तिथल्या इंडियन म्युझियममध्ये ठेवले गेले. म्हणजे पाहा, राजा हिंदुस्थानात, सिंहासनही हिंदुस्थानात. पण राजा अरबी समुद्राच्या काठी, सिंहासन बंगालच्या उपसागराकडे, आणि मध्ये अख्खा देश!

इथे इतिहासाने एक वेगळीच गंमत केली आहे. गंमत म्हणायचे ते आपले सवयीने. मंडालेच्या राजवाड्यात मागे राहिलेली इतर सिंहासने दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५मध्ये, राजवाड्याबरोबर जळून गेली. जे उचलून नेले होते तेवढे वाचले. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८मध्ये ते सिंहासन परत गेले. लंडनमधली राजचिन्हे १९६४मध्ये परत गेली. त्या वेळी ब्रह्मदेशाने त्यांतली हंसाच्या आकाराची एक रत्नजडित सोन्याची वस्तू लंडनच्या संग्रहालयाला भेट म्हणून परत दिली. इतकी वर्षे जपून ठेवल्याबद्दल! नेणाऱ्याचेही आभार मानायला मन मोठे लागते. पण या गोष्टीवरून ‘नेले म्हणून वाचले, तेव्हा नेले ते बरेच केले’ असा निष्कर्ष काढू नये. मंडालेत युद्ध पोचले तेही साम्राज्यांच्याच भांडणातून. ज्याने घर पेटत्या वणव्याच्या तोंडी नेले, त्याने कपाट वाचवल्याचे श्रेय किती घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तर थिबाचे सिंहासन आज यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, सोन्याचा हंस लंडनमध्ये आहे, माणिक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आणि राजा? तो मात्र रत्नागिरीत आहे. त्याचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा, ही राणीची मागणी सरकारने मान्य केली नाही. थिबा आणि १९१२मध्ये वारलेली धाकटी राणी या दोघांचे देह मार्च १९१९मध्ये शिवाजीनगर भागातल्या समाधीत ठेवण्यात आले. त्यानंतर कुठे राणीला आणि मुलींना मायदेशी परतता आले. सुपायालत १९२५मध्ये रंगूनला वारली. नवरा इथे आणि बायको तिथे, अशी ही समाधींचीही फाळणी.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला झालेली मुलगी टूटू ही इथेच वाढली, इथेच तिचा संसार झाला, मराठी हीच तिची भाषा झाली. थोरली राजकन्या १९४७मध्ये वारली, टूटू २०००मध्ये. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या गावातल्या साध्या वस्तीत, साध्या माणसांसारखी राहत होती. हे कुठल्या काचेच्या कपाटात मावणार?

आता टिळक आळीकडे चला. वाटेत एवढे लक्षात ठेवा, की या दोन वास्तू वेगवेगळ्या पाहायच्या नाहीत. कोकणी कौलारू घर, पुढे अंगण. २३ जुलै १८५६ला लोकमान्यांचा जन्म इथे झाला. १९०८मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना पाठवले ते मंडालेला. थिबाच्या राजधानीत! ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथल्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहून काढले. आणि १९१०च्या नोव्हेंबरातच थिबा रत्नागिरीच्या नव्या राजवाड्यात राहायला गेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. दोघेही एकाच सरकारचे कैदी, एकाच ऋतूत. दोघांची योग्यता, दोघांचे आयुष्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर, मी त्यांची तुलना करत नाही. पण माणसाला त्याच्या मुलखातून उपटून लांब नेऊन टाकले की तो निष्प्रभ होतो, हा सरकारचा हिशेब दोन्ही वेळा एकच होता. एकदा तो बरोबर आला, एकदा साफ चुकला.

या गोष्टी पाट्यांवरून कळायला हव्यात, असे मला वाटते. राजवाड्याच्या एका भिंतीवर मोठा नकाशा असावा. मंडाले, मद्रास, रत्नागिरी, कलकत्ता, लंडन, यांगून. कुठली वस्तू कुठून कुठे गेली, कुठल्या साली परत आली, हे बाणांनी दाखवावे. शेजारी सिंहासनाचे एक मोठे छायाचित्र असावे. याला काही फार खर्च नाही. मग ‘आत फारसे काही नाही’ म्हणणारा माणूस त्या भिंतीपाशी पंधरा मिनिटे उभा राहील, आणि त्याच्याबरोबरचा शाळकरी मुलगा विचारील, ‘बाबा, हे सगळे त्यांनी नेलेच कसे?’ संग्रहालयात मुलाच्या तोंडून असा एक प्रश्न निघाला, की तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.

डिसेंबर २०१२मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन या समाधीवर नतमस्तक झाले. २०१६मध्ये थिबाच्या मृत्यूला १०० वर्षे झाली, तेव्हाही तिकडून पाहुणे आणि राजाचे वंशज आले. हजारो मैलांवरून माणसे येतात. आपण सुट्टीत तिथवर गेलेलोच असतो. तेव्हा सकाळी टिळकांचे घर पाहा, मग राजवाडा पाहा, आणि रिक्षावाल्याला सांगून दहा मिनिटे शिवाजीनगरला समाधीपाशीही थांबा. समुद्र काय, संध्याकाळपर्यंत थांबतो.