मुंबई ते जेद्दा : विमानाने अंतर किती, वेळ किती?

उमराहचं तिकीट काढताना घरात पहिला प्रश्न हाच असतो : किती तास लागतात? तासांबरोबरच घड्याळ आणि मीकात यांचाही हिशेब आधी करायला हवा, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

अंतर : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून जेद्दाच्या किंग अब्दुलअझीझ विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. मुंबई-मदीना अंतरही जवळपास तेवढंच.

वेळ : थेट विमानाला जाताना साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. येताना वारा बऱ्याचदा पाठीशी असतो, त्यामुळे अर्धा-पाऊण तास वाचतो. दुबई, दोहा किंवा मस्कतला विमान बदलायचं असेल, तर थांब्यानुसार आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त धरा.

घड्याळ : सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेलं विमान ५ तास २० मिनिटांनी, म्हणजे तिथल्या ४:५० ला उतरेल. उलट, जेद्दाहून रात्री ९ ला निघालेलं विमान पावणेपाच तासांत मुंबईला पोचलं, तर इथे पहाटेचे सव्वाचार वाजलेले असतील आणि तारीख बदललेली असेल. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना ही तारीख नीट सांगून ठेवा.

रोजा : रमजानमध्ये दिवसा पश्चिमेकडे जाताना सूर्य उशिरा मावळतो, म्हणून रोजा लांबतो. मुंबईत मगरिब झाली म्हणून विमानात इफ्तार करायचा नसतो. आपण असू तिथला सूर्यास्त धरायचा.

मीकात : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. थेट जेद्दाला जाणाऱ्यांना मीकातची हद्द विमान उतरण्याआधी, हवेतच लागते. त्यामुळे इहरामच्या चादरी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. बरेच लोक घरी किंवा मुंबई विमानतळावरच इहराम बांधतात आणि नियत व तल्बिया मीकात येण्याआधी विमानात करतात. झोप लागण्याची भीती असेल, तर नियत आधीच केलेली बरी. इहरामशिवाय मीकात ओलांडली, तर परत मागे जावं लागतं किंवा दम द्यावा लागतो. अशा वेळी आलिमांना विचारा.

आधी मदीनेला जाणार असाल, तर मुंबईहून इहरामची गरज नाही. मदीनेहून मक्केला निघताना जवळच झुल-हुलैफा, म्हणजे आजचं अबयार अली, इथे तो बांधता येतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एजंटला नक्की विचारा : विमान उतरणार कुठे, जेद्दाला की मदीनेला?

उतरल्यावर : जेद्दा विमानतळापासून मक्का सुमारे १०० किलोमीटर आहे. बस, टॅक्सी आणि हरमैन रेल्वे मिळते. इमिग्रेशन आणि सामानाची रांग धरून घरून हरमपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस जातो. सोबत म्हातारे आई-वडील असतील, तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा आणि औषधं हातातल्या बॅगेत घ्या.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.